पलटणीतल्या खापरपणजोबांचा माग : एकोणिसाव्या शतकातली लष्करी आणि पेन्शनची दफ्तरे कशी धुंडाळावीत

अनेक घरांत एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असते. ‘आपले खापरपणजोबा पलटणीत सुभेदार होते.’ कोणती पलटण, कोणते साल, कुठे लढले, असे विचारले की थोरली माणसे म्हणतात, ‘ते काही ठाऊक नाही बुवा, पण घरी पेन्शन यायची.’ वहीत आधी हे दुसरे वाक्य लिहून घ्या. सुभेदारकीने जो माग लागत नाही तो पेन्शनने लागतो.

शिपाई कसा होता, कुठल्या गावचा, घरी कोण कोण, याच्याशी कंपनी सरकारला फारसे देणेघेणे नव्हते. त्याला किती पैसे द्यायचे, कधीपर्यंत द्यायचे आणि तो मेल्यावर कोणाच्या हातावर ठेवायचे, याचे मात्र चोख हिशेब ठेवावे लागत. जिथे पैसा तिथे कागद. या लेखातला सगळा शोध याच धाग्याने जातो, आणि तो मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या देशी शिपायांपुरता आहे.

एक भ्रम सुरुवातीलाच काढून टाकू. गोऱ्या सैनिकांच्या वंशजांसाठी लिहिलेली मार्गदर्शने वाचून आपली माणसे थेट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तराकडे धावतात. तिथे मुंबई फौजेची कागदपत्रे आहेत खरी, पण माणसागणिक हजेरीपट आणि मृत्यूच्या याद्या आहेत त्या मुख्यतः युरोपियनांच्या. देशी शिपायाची स्वतंत्र फाईल तिथे मिळेल ही आशा धरू नका. जनगणनेचेही तेच. इंग्लंडमध्ये घरटी पत्रके जपलेली आहेत, आपल्याकडची जपली गेली नाहीत.

आधी ठरवा, शिपाई कोणाचा?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण महिनेच्या महिने इथेच फुकट जातात. ‘शिपाई’ पोलिसातही होता आणि मामलेदार कचेरीतही. ‘जमादार’ही दोन्हीकडे. ‘हवालदार’ हा मराठेशाहीत किल्ल्याचा अधिकारी, ‘सुभेदार’ हा पेशवाईत सुभ्याचा मुलकी कारभारी, आणि ‘नाईक’ तर रामोशी-बेरडांत वडिलोपार्जित मान. आडनाव सुभेदार आहे एवढ्यावरून कोणी पलटणीत गेला असे होत नाही.

शिवाय फौजा अनेक होत्या. १८१८ पर्यंत पेशव्यांची, १८४८ पर्यंत साताऱ्याच्या छत्रपतींची, पुढे नागपूरकर भोसले, कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर यांच्या आपापल्या. त्यांतल्या माणसाचा शोध वेगळा चालतो. पेशव्यांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर, संस्थानांसाठी त्या त्या संस्थानची दफ्तरे, आणि सगळीकडे मोडी. इंग्रजी लष्करी कागदांत हे लोक नाहीत.

कंपनीच्या किंवा सरकारच्या पलटणीतला माणूस ओळखायच्या काही खुणा आहेत. घरात पदक असणे, कुणाचा तरी जन्म महू, डीसा, नसिराबाद, कराची किंवा एडन अशा छावणीच्या ठिकाणी झालेला असणे, आणि अर्थात पेन्शन. कोकणात दापोलीशी नाते निघाले तर कान टवकारा. ‘कॅम्प दापोली’ ही छावणी पेन्शनर शिपायांची वस्ती म्हणून नावाजलेली होती.

ट्रंकेच्या तळाशी

पदक सापडले तर पहिली सूचना, ते घासू नका. चिंच नको, राख नको, पितळेची पावडर तर मुळीच नको. एकोणिसाव्या शतकातल्या चांदीच्या पदकांच्या कडेवर, म्हणजे रुपयाच्या कडेला दाते असतात त्या जागी, शिपायाचे नाव, हुद्दा आणि पलटण बारीक कोरलेली असते. तुमचे सगळे संशोधन त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर असू शकते. दोन सणांना चकचकीत केली की गेली.

वाचायची पद्धत अशी. खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी पदकाच्या जवळजवळ समांतर, बाजूने धरा आणि पदक हळूहळू फिरवत कडेचे तुकड्या-तुकड्याने फोटो काढा. अक्षरांची सावली पडते, ती वाचायची. तरीही लागले नाही तर पातळ कागद कडेवर गुंडाळून मऊ पेन्सिल अलगद फिरवा. काही पदके बिननावाची असतात, तेव्हा हिरमुसू नका. १८६८ च्या अबिसिनिया मोहिमेचे पदक मात्र उलट्या बाजूने पाहायचे. त्यावर नाव कडेवर नसते, पाठीमागे मधोमध असते.

फितीवरच्या आडव्या पट्ट्यांवर लढाईचे नाव असते. ‘मुलतान’ असेल तर १८४८-४९ चे पंजाबचे युद्ध. ‘पर्शिया’ म्हणजे १८५६-५७ ची इराणची मोहीम. ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे १८५८, झाशी-काल्पीकडची धामधूम. ‘कंदाहार’ म्हणजे १८८०. इथे एक खाच आहे. २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत मुंबईच्या पहिल्या ग्रेनेडियर्स आणि तिसाव्या जेकब्ज रायफल्स या पलटणींची वाताहत झाली, पण मैवंदची पट्टी कधी निघालीच नाही. त्यामुळे अफगाण पदक बिनपट्टीचे दिसले म्हणून ‘आजोबा लढाईत नव्हते’ असा निकाल देऊ नका.

पदक नसेल तर आठवण तपासा. ‘हबसाणात गेले होते’ म्हणजे अबिसिनिया. ‘बुशायर’ म्हणजे इराण. ‘काबूल’ मात्र दोनदा झाले, १८३८ ते ४२ आणि १८७८ ते ८०. कोणते ते पिढ्या मोजून ठरवा. पिढीला साधारण पंचवीस-तीस वर्षे धरा आणि घरातल्या ज्या माणसाचे जन्मसाल पक्के ठाऊक आहे तिथून मागे या. घरच्या सांगण्यात दोन पिढ्यांचे दोन शिपाई मिसळून एक झालेले असतात, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिले आहे.

पलटणीचा नंबर : सगळी गोम इथेच

नावाने शोधू नका, पलटणीने शोधा. एकदा पलटण कळली की ती कोणत्या साली कुठे होती, कोणत्या मोहिमेत होती हे छापील पलटण-इतिहासांतून मिळते. पलटण कळल्याशिवाय नाव म्हणजे गवताच्या गंजीतली सुई.

पण नंबर दगा देतात. मुंबई फौजेचे नंबर किमान चार वेळा हलले.

१८२४ च्या आधी एका रेजिमेंटमध्ये दोन बटालियन असत. त्या साली प्रत्येक बटालियनला स्वतंत्र नंबर मिळाला. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढली ती ‘पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन’. १८२४ नंतर तीच ‘दुसरी ग्रेनेडियर रेजिमेंट’. कोरेगावच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, त्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे बरीच आहेत. तिथून माग काढणाऱ्याने पुढच्या कागदांत ‘दुसरी’ शोधायची.

दुसरा हलवाहलवीचा काळ १८५७ नंतरचा. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला सत्ताविसावी पलटण उठली आणि पुढे मोडली गेली. १८६१ मध्ये ‘सत्तावीस’ हा नंबर पहिल्या बलुच पलटणीला देण्यात आला. एकविसाव्याचेही तसेच, तो मरीन बटालियनकडे गेला. म्हणजे १८५० सालचा ‘सत्ताविसाव्यातला’ माणूस आणि १८७० सालचा ‘सत्ताविसाव्यातला’ माणूस यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

तिसरा बदल १९०३ चा. इलाख्यांच्या तिन्ही फौजा १८९५ मध्ये एक झाल्या होत्या. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या नंबरात सरळ शंभर मिळवले. तिसरीची १०३, पाचवीची १०५, दहावीची ११०. वजाबाकी करा, जुना नंबर हातात.

चौथा १९२२ चा, आणि सगळ्यांत फसवा. १०३, १०५, ११० वगैरे पलटणी मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ ही एकच रेजिमेंट झाली. त्यामुळे घरात कोणी ‘पाचवीत होते’ म्हणाले तर साल विचारा. १९०३ पूर्वीची पाचवी म्हणजे एक पलटण, १९२२ नंतरची पाचवी म्हणजे अख्खी रेजिमेंट. सुदैवाने टोपणनावे नंबरांपेक्षा चिवट निघाली. ‘काळी पाचवी’ म्हटले की जुनी पाचवी, पुढे १०५, आज मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. ‘जंगी पलटण’ म्हणजे जुनी तिसरी, पुढे १०३, आजची पहिली बटालियन. आणि जुनी दहावी, म्हणजे ११०, पुढे छत्रीधारी होऊन आज २ पॅरा आहे. म्हातारीच्या तोंडून ‘काळी पाचवी’ निघाले तर तुमचे सहा महिने वाचले.

हे सगळे एका कागदावर उभे मांडून भिंतीला लावा : साल, नंबर, ठिकाण. पुढे प्रत्येक कागद वाचताना मान वर करून बघायला लागते.

पैशाचा माग

भरती होताना शिपायाची नोंद पलटणीच्या मोठ्या वहीत होई. तिला ‘लाँग रोल’ म्हणत. नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, उंची, भरतीची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात त्याचे पुढे काय झाले : पेन्शनीत गेला, मेला, पळाला, नाव कमी केले. ही वही म्हणजे खजिना, पण ती पलटणीकडे असे आणि जुन्या वह्या फारच थोड्या टिकल्या. तुमच्या पलटणीची टिकली असेल या भरवशावर बसू नका. रेजिमेंटच्या केंद्राला, उदाहरणार्थ मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या केंद्राला, सभ्य पत्र लिहून विचारायला हरकत नाही. पत्रात नाव, पलटणीचा जुना नंबर आणि अंदाजे साले द्या, नुसते ‘माझ्या पूर्वजांची माहिती पाठवावी’ असे लिहाल तर उत्तर येणार नाही, आणि येऊही नये.

वही नसली तरी वहीतली ओळ दुसरीकडे उतरलेली असते. माणूस पेन्शनीत निघाला की त्याचे वर्णनपत्र बनत असे, कारण पेन्शन वाटणाऱ्याला समोरचा माणूस तोच आहे हे ओळखायचे असे. नाव, बाप, गाव यांबरोबर शरीरावरच्या खुणा : कपाळावर वण, डाव्या हाताचे बोट तुटके, देवीचे व्रण. फोटो नसलेल्या माणसाचा हा सगळ्यांत जवळचा चेहरा. मेलेल्या पेन्शनराच्या नावावर दुसराच कोणी पैसे उचलील ही धास्ती सरकारला कायम असे, म्हणून पेन्शनरांची हजेरी घेत आणि खुणा ताडून बघत.

पेन्शनचे प्रकार ओळखा, कारण त्यांचे कागद वेगवेगळे. नोकरी पुरी करून किंवा वैद्यकीय तपासणीत ‘अशक्त’ ठरून मिळणारे एक. जखमेबद्दलचे दुसरे. आणि तिसरे वारसांचे, म्हणजे लढाईत किंवा समुद्रापार मोहिमेवर मेलेल्या शिपायाच्या घरच्यांना मिळणारे. वंशावळीसाठी सोने आहे ते या तिसऱ्यात. वारस कोण, हे ठरवायला बायको, आई, मुलगा यांची नावे लिहावी लागत. वाद झाला असेल तर तुमचे नशीबच उघडले. दोन विधवांनी हक्क सांगितला, भावाने अर्ज केला, की पत्रांवर पत्रे, चौकशी, साक्षी, पाटील-कुलकर्ण्यांचे दाखले. पणजोबा सरळमार्गी, भांडणाविना मेले असतील तर त्यांच्याबद्दल कागद कमी, हा या शोधातला नेहमीचा विनोद.

मानचिन्हांमागेही पैसाच आहे. ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ १८३७ मध्ये सुरू झाली. तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक तृतीयांश जास्त, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला दुप्पट पगार. त्याच साली आलेली ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ देशी अंमलदारांसाठी, म्हणजे जमादार आणि त्यावरच्यांसाठी, होती. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ हा किताब आणि रोज २ रुपये, दुसऱ्याला ‘बहादूर’ आणि रोज १ रुपया. शतकाच्या शेवटाकडे, १८९५ पर्यंत, साध्या शिपायाचा पगार महिन्याला ७ रुपये होता हे लक्षात घेतले की या रकमा केवढ्या होत्या ते कळते, आणि त्यांच्या मंजुरीचे हुकूम नावानिशी का निघत तेही. घरात ‘बहादूर’ हा किताब नुसता मान म्हणून सांगितला जात असेल तर तो खरा होता का हे तपासता येते. तुमचा माणूस या यादीत असेल तर शोध सोपा, कारण त्याचे नाव छापले गेले आहे.

१७९९ ते १८२६ मधल्या लढायांचे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मात्र १८५१ मध्ये, तेव्हा हयात असलेल्यांनाच दिले. खडकी, कोरेगाव, सीताबर्डी यांच्या पट्ट्या त्यावर आहेत, पण देशी शिपायांपर्यंत ती फार कमी पोचली. खडकीला लढलेल्याचे पदक घरात नाही, यात नवल काहीच नाही.

दफ्तरखान्यात

तीन ठिकाणे. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला राज्य पुराभिलेखागार. तिथे मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचे खंड आहेत. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागार, तिथले भारत सरकारच्या लष्करी खात्याचे कामकाज. त्याची सूची आणि पुष्कळशी पाने ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, म्हणून सुरुवात तिथून करा. तिसरे लंडन, पण देशी शिपायांसाठी तिथे मुख्यतः पदकांच्या याद्या : ब्रिटिश लायब्ररीत काही, क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये काही. त्या पलटणवार आहेत, म्हणजे पुन्हा आधी पलटण हवी.

सूचीत माणसाच्या नावाने शोधून हात हलवत परत येऊ नका. विषयाने शोधा : ‘वारस’, ‘फॅमिली पेन्शन’, ‘नेटिव्ह ऑफिसर’, पलटणीचा नंबर, मोहिमेचे नाव. शब्द अर्थात त्या काळच्या इंग्रजीत टाकायचे. मुंबईत खंडांच्या वर्षवार सूच्या मागा आणि मोहीम संपल्यानंतरच्या तीन-चार वर्षांच्या सूच्या सगळ्यांत आधी बघा, वारसांचे अर्ज तेव्हा येतात. ओळखपत्र आणि संशोधनाचा हेतू लिहिलेला अर्ज जवळ ठेवा. एका दफ्तरखान्यात मी दोन दिवस चुकीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उलगडत बसलो होतो, कारण माझ्या चिठ्ठीवर साल होते आणि खाते नव्हते. खाते, साल, खंड हे तिन्ही लिहून द्या.

छापील साधनांत शतकाच्या उत्तरार्धातल्या फौजेच्या याद्यांत देशी अंमलदारांची, म्हणजे जमादार आणि त्यावरच्यांची, नावे पलटणवार मिळतात. साधा शिपाई, नाईक, हवालदार तिथे नाही.

साहेबाच्या कानाने ऐकलेले नाव

आडनाव सोडून द्या. कागदात ‘विठोजी रामजी’ एवढेच असते, स्वतःचे आणि बापाचे. आणि तेही साहेबाच्या किंवा लेखनिकाच्या कानावर पडले तसे. सखारामच्या मधे दोन ‘सी’ येतात आणि ‘सक्काराम’ होतो. विठूचा ‘इत्तू’, येसूचा ‘एस्सू’, राव असेल तिथे इंग्रजीत नौका वल्हवायचा ‘रो’. महार शिपायांच्या नावामागचा ‘नाक’ हा ‘एन-ए-सी’ असा. आधी आपल्या माणसाचे नाव मोठ्याने, गावठी उच्चारात म्हणा, मग त्याची पाच-सहा इंग्रजी रूपे लिहून काढा आणि ती सगळी शोधा.

जातीचा रकानाही लेखनिकाचा. मुंबई फौजेत महारांना ‘परवारी’ लिहीत, उत्तर हिंदुस्थानातल्यांना ‘परदेशी’. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले ज्यू, हेही या पलटणींत होते. महार कुटुंबातला माग १८९२ च्या सुमाराला एकाएकी तुटला तर शोध चुकला असे समजू नका. तेव्हापासून महारांची भरतीच थांबवली गेली. दापोलीचे माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला तो याच अन्यायाविरुद्ध. मुलगा पलटणीत का गेला नाही याचे उत्तर तुमच्या घरात नाही, सरकारी धोरणात आहे.

गावाकडून वर

दफ्तरात ‘विठोजी रामजी, जिल्हा रत्नागिरी’ सापडला. तोच तुमचा का? इथे गावचे कागद लागतात. तहसील कचेरीतला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, तिलाच लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचे जनरल रजिस्टर, त्यात बापाचा धंदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे वारसाचे फेरफार, कारण पेन्शनीच्या पैशात घेतलेली जमीन म्हाताऱ्याच्या मृत्यूनंतर मुलांच्या नावे झालेली असते. ‘पेन्शनर’ हा शब्द नावापुढे दिसतो का ते बघत जा. पुष्कळसे मोडीत असेल. स्वतः शिका किंवा जाणकाराकडून वाचून घ्या, पण लिप्यंतरासोबत मूळ पानाचा फोटो ठेवाच.

सांगली-कोल्हापूरकडे हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे, येत असतील तर त्यांची वही, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडची घराण्याची नामावळी, हेही सोडू नका. तिथे पलटण नसते, पण बाप-आजा-भाऊ यांची साखळी असते, आणि नेमकी तीच लष्करी कागदात नसते.

जुळवताना नाव, बाप आणि गाव ही तिन्ही एक यायला हवीत, आणि सालांचा पिढ्यांशी मेळ बसायला हवा. एकाच गावात दोन विठोजी रामजी असणे मुळीच दुर्मीळ नाही, चुलतभावांना आजोबांची नावे ठेवण्याची रीतच होती. दोनच गोष्टी जुळत असतील तर वंशावळीत ते नाव शाईने लिहू नका. पेन्सिलीने लिहा, शेजारी कोणत्या कागदावरून ते लिहिले तेही, आणि काय जुळत नाही तेही. पुढच्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा कुणाच्या तरी माळ्यावरून तिसरा कागद निघेल, किंवा त्या घरातली एखादी आजी सांगेल की तो विठोजी आमचा, तुमचा नव्हे.